उशिरा उठणारी मुलगी: खो-खोच्या संघाला एकमेकींना सांभाळून घ्यायला आणि टिकून राहायला कसं शिकवायचं

डाव सुरू होऊन चार मिनिटं झाली आहेत. पाचव्या चौकात बसलेली मुलगी खो मिळायच्या आधीच उठते. शिट्टी, फाऊल. पाठलाग करत धावणारीला उलट दिशेला वळावं लागतं आणि हाताशी आलेली पळणारी आरामात निसटते. बसलेल्या सगळ्या जणी एकदम मान वळवून पाचव्या चौकाकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, "झालं! हिचं नेहमीचंच आहे."

मिनिटभराने त्याच मुलीला खरा खो मिळतो. ती उठते, पण आधी खात्री करून घेते. तेवढ्यात अर्धा सेकंद जातो, आणि खो-खोत अर्ध्या सेकंदात पळणारी हातातून निसटलेली असते.

मी १४ वर्षांखालच्या मुलींना खो-खो शिकवते. पहिली काही वर्षं मला वाटायचं की अशा मुलीचा 'रिफ्लेक्स' कमी आहे. तो कमी नव्हता. तिला पुन्हा चुकायची भीती वाटत होती, आणि ती भीती आम्हीच तिच्या अंगात घातली होती. म्हणून मैत्रिणींनी एकमेकींशी नीट वागणं मी स्वभावाच्या खात्यात टाकत नाही. साखळी, सूर, हुलकावणी शिकवतो तसंच तेही शिकवावं लागतं, आणि त्यालाही क्रम असतो.

बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी 'आपण सगळ्या एक आहोत' असं भाषण होतं आणि हरल्यावर 'खचून जाऊ नका' असं दुसरं. मधले तीन महिने कुणी काही करत नाही. शाळा जूनमध्ये उघडतात आणि तालुक्याचे सामने पावसाळ्यात येतात, त्यामुळे खाली दिलेलं काम जूनच्या पहिल्या सरावापासून सुरू करा. मुलांच्या संघाला आणि कबड्डीलाही यातलं बरंचसं चालेल, पण मी उदाहरणं माझ्या मैदानावरचीच देणार आहे.

आधीची तयारी: दोन आठवडे फक्त वही

पहिले दोन आठवडे कुणालाही उपदेश करू नका. एक वही, पेन आणि मोबाईल एवढंच लागतं.

वहीत मुलींची नावं एकाखाली एक लिहा. सरावाच्या डावात जिला खो मिळेल तिच्या नावापुढे एक रेघ मारा. हे काम राखीव मुलीला द्या. तुम्ही शिट्टी सांभाळत ते करू शकणार नाही. आठवड्याने रेघा मोजा. माझ्या वहीत एकदा एकीपुढे एकतीस रेघा होत्या, दुसरीपुढे सव्वीस आणि एका मुलीपुढे चार. ती चार रेघांची मुलगी रोज येत होती, रोज चौकात बसत होती, गुडघे मातीने भरून घेत होती. धावणाऱ्या मुली तिला वगळून पुढच्या चौकात खो देत होत्या. आपसात ठरलंच होतं त्यांचं. मला पत्ताही नव्हता.

खांबाजवळच्या चौकांत आणि मधल्या चौकांत खो सारखे पडत नाहीत, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. जागा बदलत राहा आणि आठवड्याचा हिशेब बघा. जागा बदलूनही एखादीच्या रेघा वाढत नसतील, तर तिला मुद्दाम टाळलं जातंय.

हे नुसतं त्या मुलीपुरतं राहत नाही. समोरच्या संघातली चलाख पळणारी दोन मिनिटांत ओळखते की कुठल्या चौकातून कुणी उठत नाही. मग ती तिथेच घुटमळते.

मोबाईलचं काम त्याहून अवघड आहे. एका सरावाला तो खिशात ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि रात्री एकट्याने ऐका. किती वेळा नाव घेऊन ओरडलात? किती वेळा एखादीला तिच्या अंगावरून, रंगावरून, चालीवरून हाक मारलीत? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मी एका मुलीला चाळीस मिनिटांत सहा वेळा "झोपली का गं?" म्हटलेलं होतं. मैदानावर मुली तिला तेच वाक्य म्हणायच्या, आणि ते त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं.

पालकांची वीस मिनिटांची बैठकही याच पंधरवड्यात उरका. दोनच गोष्टी सांगायच्या: सामन्यात कडेला उभं राहून स्वतःच्या मुलीला सूचना द्यायच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या मुलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा. हे जूनमध्ये सांगितलं तर ऐकतात. सामन्यात सांगितलं तर भांडण होतं.

तपासा: दोन आठवड्यांनी तुम्हाला तीन उत्तरं लिहून देता आली पाहिजेत. सगळ्यात कमी खो कुणाला मिळतात? चूक झाली की पहिलं कोण बोलतं? पाणी प्यायला शेवटी कोण जातं? ही उत्तरं नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: आधी आपली जीभ

मुलींना नियम लावण्याआधी पंधरा दिवस स्वतःला तीन नियम लावा.

एक, डाव चालू असताना चुकीवर बोलायचं नाही. फक्त पुढच्या कृतीवर बोलायचं. "कशाला उठलीस?" ऐवजी "खो ऐकून उठ." दोन, टोपणनाव बंद, लाडाचं असलं तरी. तीन, एकीची तुलना दुसरीशी नाही. "तिच्याकडे बघ जरा, कशी पळते!" या वाक्याने दोघींचं नुकसान होतं. जिला ऐकवलं ती खट्टू होते, आणि जिचं कौतुक केलं तिच्याशी त्या दिवशी कुणी धड बोलत नाही.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते: एकीच्या चुकीसाठी सगळ्यांना फेऱ्या मारायला लावणं. 'त्याने संघभावना वाढते' असं मी अनेक शिक्षकांकडून ऐकलंय. मैदानाला दहा फेऱ्या मारताना बाकीच्या अकरा जणी काय बोलतात ते त्यांच्या मागे पळून ऐका. जिच्यामुळे फेऱ्या पडल्या तिला त्या संध्याकाळी घरी जातानाही सोबत मिळत नाही. शिवाय धावणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की दम वाढवायला धावायला सांगाल तेव्हाही त्यांना शिक्षाच वाटते. फेऱ्या हव्यात तर सरावाचा भाग म्हणून रोज, ठरलेल्या वेळी, सगळ्यांना.

टप्पा २: जागा आणि जोड्या बदला

मुली आपल्या मैत्रिणीच्या शेजारच्या चौकात बसतात, एकाच गल्लीतल्या तिघी एकाच तुकडीत पळायचा हट्ट धरतात. सुरुवातीला ते गोड वाटतं. पण ऑगस्टपर्यंत संघात दोन संघ तयार होतात.

म्हणून सरावाला चौक चिठ्ठीने ठरवा. तुकड्याही दर आठवड्याला बदला. सामन्याच्या तुकड्या कोणत्या हे तुम्हाला ठाऊक असेल, पण तीन आठवडे राहीपर्यंत जाहीर करू नका.

त्यासोबत जोड्या लावा. जोडीचं काम साधं आहे: जोडीदारीण आली नाही तर का आली नाही हे दुसरीने विचारायचं, आणि सरावाच्या शेवटी तिने आज काय चांगलं केलं ते एका वाक्यात सांगायचं. वाक्य नेमकं हवं. "छान खेळली" चालणार नाही. "तिसऱ्या खोला ती बसली तेव्हा तिचा पाय पाटीवर (आखलेल्या पट्ट्यावर) आला नाही", असं हवं. पहिले चार दिवस मुली लाजतात, हसतात, "मॅडम, काय सांगू?" म्हणतात. आठवड्याभरात त्या एकमेकींकडे बघायला लागतात. आधी त्या बघतच नव्हत्या.

सावधान: हुशार मुलगी आणि कच्ची मुलगी अशी कायमची जोडी लावू नका. कच्चीला ते लगेच कळतं. दर पंधरा दिवसांनी जोड्या बदला आणि अधूनमधून कच्चीला शिकवायला लावा. चार रेघांच्या त्या मुलीचं बसणं संघात सगळ्यात नेटकं होतं, खो देऊन रिकाम्या चौकात बसताना तिचा तोल कधीच जात नसे. मी तिला ते दोन चांगल्या धावणाऱ्यांना शिकवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिच्या नावापुढे सतरा रेघा होत्या.

टप्पा ३: चुकीनंतरचे दहा सेकंद

सगळ्या लेखात याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. किमान तीन आठवडे.

चूक झाल्यावर दहा सेकंदांत तीन गोष्टी व्हायला हव्यात: चुकणारीने चूक मान्य करायची, शेजारचीने एक ठरलेला शब्द म्हणायचा, आणि सगळ्यांच्या नजरा पळणारीवर परत जायच्या. मान्य करणं म्हणजे फक्त हात किंचित वर करणं, तेही धावपळीत जमलं तर. "सॉरी सॉरी" म्हणत बसलं की वेळ जातो आणि ती स्वतःही त्यातच अडकते.

शब्द मुलींनाच निवडू द्या, पण खो-खोत दोन अडचणी आहेत आणि त्या आधीच सांगून ठेवा.

पहिली: शब्द 'ओ'वर संपता कामा नये. "हो", "चल गो", "जाऊ दे हो" हे सगळं गोंगाटात 'खो'सारखं ऐकू येतं. आमच्याकडे एकदा शेजारचीने प्रेमाने "हो हो" म्हटलं आणि पुढची उठली. पुन्हा फाऊल. आमच्या मुलींनी शेवटी "पुढचं" हा शब्द घेतला. छोटा आहे, स्पष्ट आहे, आणि पंचांचाही घोळ होत नाही.

दुसरी: पाठीवर थाप नाही. बाकीच्या खेळांत पाठ थोपटतात. खो-खोत पाठीला हात लावून 'खो' म्हणणं म्हणजेच खो, त्यामुळे नुसत्या थापेनेही बसलेली उठू शकते. डाव चालू असताना बसलेलीच्या पाठीला कुणीही हात लावायचा नाही. थाप डाव संपल्यावर.

आता सराव. रोज दहा मिनिटांचा एक डाव असा ठेवा की त्यात तुम्ही कारण नसताना मध्येच फाऊलची शिट्टी द्याल. दोन मिनिटांत तीन-चार वेळा. धावणारीने तत्काळ थांबून उलट दिशा घ्यायची, शेजारचीने "पुढचं" म्हणायचं आणि डाव चालू. कुणी "मॅडम, फाऊल नव्हता!" म्हणून उभी राहिली तर शिट्टी चालूच ठेवा. खऱ्या सामन्यातही पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून खेळ थांबत नाही. पहिल्या दिवशी मुली चिडतात. दहाव्या दिवशी शिट्टी वाजताच पाय आपोआप वळतात आणि चेहऱ्यावर काही उमटत नाही. त्या दिवशी समजा की अर्धं काम झालं.

सावधान: चुकीच्या शिट्ट्या सगळ्यांवर सारख्या वाटा. एकीवरच दोनदा आली की तिला वाटतं मॅडम मुद्दाम करतात, आणि तसं असेल तर तिचं बरोबरच आहे.

"पुढचं" म्हणायला न शिकणाऱ्या एक-दोघी असतात. बहुतेकदा त्या संघातल्या सगळ्यात चांगल्या धावणाऱ्या असतात. त्यांना सगळं येतं, म्हणून दुसरीची चूक त्यांना सहन होत नाही. त्यांना सगळ्यांसमोर रागावू नका. आठवडाभर सरावात त्यांना जमत नसलेल्या जागी ठेवा: उंच मुलीला आखूड वळणांच्या हुलकावणीत, किंवा फक्त धावणारीला खांबावर सूर मारायला. स्वतः चार वेळा तोंडावर आपटल्यावर माणूस दुसऱ्याशी हळू बोलायला लागतं.

तपासा: एका डावाचा व्हिडिओ काढा. मुलींना बघायला लावताना धावणाऱ्यांकडे बघू नका म्हणून सांगा. फक्त बसलेल्या आठ जणींच्या माना बघा. फाऊलनंतर माना चुकलेल्या मुलीकडे वळतात की पळणारीकडे? जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांचे तुकडे मुलींच्या मोबाईलवर असतातच, पण त्या सूर आणि झेपाच बघतात. तेच तुकडे आवाज बंद करून, फक्त बसलेल्यांवर नजर ठेवून बघायला लावा.

टप्पा ४: शेवटी उरलेली

चिकाटी कुठे दिसते? तुकडीतल्या दोघी बाद झाल्यावर. तिसरी एकटी, समोर नऊ जणी, छाती फुटायला आलेली. तिने अजून वीस सेकंद काढले तर पुढच्या तुकडीवरचं ओझं कमी होतं. पण ती बहुतेकदा काढत नाही. दोघी गेल्या की तिसरी मनाने आधीच बाद होते आणि हळूच हात लावून घेते.

यासाठी आठवड्यातून दोनदा 'एकटीचं संरक्षण' घ्या. एक पळणारी, पूर्ण आक्रमण, घड्याळ चालू. वेळ वहीत लिहा. लक्ष्य तिच्याच मागच्या वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त, दुसरीच्या वेळेशी काही संबंध नाही. १८ वरून २१, मग २४. महिन्यात ती चाळिशीत जाते, आणि ते तिला स्वतःला खरं वाटत नाही.

बाद झालेल्या दोघींनी त्या वेळी काय करायचं, हेही शिकवा. सरावात त्यांनी उभं राहून सेकंद मोठ्याने मोजायचे. सूचना द्यायच्या नाहीत, "डावीकडे, डावीकडे!" ऐकून पळणारी गोंधळते. नुसते आकडे. सामन्यात बाहेरून किती बोललेलं चालतं ते त्या दिवशी पंचांना आधी विचारून घ्या. चालत नसेल तर दोघींनी तिच्याकडे तोंड करून बसायचं. पाठ फिरवून पाणी पीत बसायचं नाही.

आता एक गोष्ट ठासून सांगते. दुखणं अंगावर काढणं ही चिकाटी नाही. लंगडत असेल तर बाहेर. खांबावर डोकं आपटलं आणि गरगरलं, उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. पाळीच्या दिवसांत कुणी थांबायचं म्हटलं तर प्रश्न न विचारता थांबू द्या, खेळायचं म्हटलं तर खेळू द्या. आणि दम लवकर तुटणाऱ्या मुलीला आधी हळूच विचारा की सकाळपासून काय खाल्लंय. आमच्याकडच्या दोन मुली सकाळी चहा पिऊन शाळेत येत, दुपारचा डबा अर्धा, आणि पाच वाजता मैदानात. त्यांना चिकाटीचं भाषण काय द्यायचं? आम्ही सरावाआधी सगळ्यांसाठी शेंगदाणे-गूळ ठेवला. सगळ्यांसाठी ठेवला, म्हणजे त्या दोघी वेगळ्या पडल्या नाहीत.

टप्पा ५: राखीव मुली

बारा जणींच्या संघात नऊ खेळतात, तिघी बसतात. त्या तिघींना आपण काय काम देतो? पाण्याच्या बाटल्या भरणं आणि बॅगा सांभाळणं. मग दोन महिन्यांनी त्यातली एक यायची बंद होते, आणि आपण म्हणतो "तिला गोडीच नव्हती."

बाटल्या पाळीपाळीने सगळ्यांनी भरायच्या, कर्णधारानेही. राखीव मुलीला घड्याळ आणि वही द्या आणि डाव संपल्यावर तिने पाहिलेली एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगू द्या. बाहेर बसलेलीला समोरच्या पळणारीची खोड आतल्या मुलींपेक्षा आधी दिसते: ती दर वेळी कुठल्या खांबाला वळते, दमली की कुठल्या बाजूला झुकते. सरावाच्या प्रत्येक सामन्यात राखीव मुलीने निदान एक पूर्ण डाव खेळलाच पाहिजे. हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर होत नाही.

टप्पा ६: सामन्याचा दिवस, क्रमाने

१. कोण खेळणार नाही हे आदल्या दिवशी, त्या मुलीला एकटीला, तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. मैदानावर यादी वाचताना कळलं तर ती दिवसभर रडवेली बसते आणि तिच्या मैत्रिणींचं अर्धं लक्ष तिच्याकडे राहतं. कारण खरं सांगा आणि पुढे काय सुधारायचं तेही.

२. तुकड्या आदल्या रात्रीपर्यंत पक्क्या. सकाळी बदल नाही.

३. मैदानावर पोचल्यावर आधी माती बघा, चौकात बसून बघा, खांबाला हात लावा. रेषा आखलेल्या ओल्या फक्कीवर पाय घसरतो. सगळ्या मिळून बघतात तेव्हा धाकधूक वाटली जाते.

४. दोन डावांमधल्या विश्रांतीत आधी पाणी, मग अर्धं मिनिट कुणीच बोलायचं नाही, तुम्हीही नाही. त्यानंतर कर्णधार आणि राखीव मुलगी एकेक वाक्य बोलतील, तेही पुढच्या डावात काय करायचं याबद्दल. तुमचं वाक्य सगळ्यात शेवटी. विश्रांतीची सगळी मिनिटं शिक्षकाच्या ओरडण्यात जातात हे मी दर स्पर्धेत बघते. मुली माना खाली घालून चपलेने माती उकरत असतात. एक अक्षर आत जात नाही.

५. समोरच्या संघातली कुणी पडली तर जवळची मुलगी हात देईल. तिला उठवून मगच जागेवर परत. हे सरावात केलेलं असेल तर सामन्यात होतं, सांगून होत नाही.

सावधान: कर्णधार म्हणजे दुसरी शिट्टी नव्हे. सगळ्यांवर ओरडायचं काम तिला दिलं की ती एकटी पडते.

टप्पा ७: हरल्यावर

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुक्याला एक सामना हरलात की जिल्हा नाही, विभाग नाही, राज्य नाही. मुलींसाठी ते वर्ष तिथेच संपतं, तेही सप्टेंबर उजाडायच्या आत. खरी चिकाटी या क्षणानंतरच्या दहा महिन्यांत लागते, आणि नेमकं तेव्हाच आपण मैदान बंद करतो.

पहिला तास: समोरच्या संघाशी हात मिळवा, मग खायला द्या. विश्लेषण नाही. गाडीत कुणी रडलं तर रडू द्या, "रडायचं नाही" म्हणू नका.

जिच्या हातून शेवटची चूक झाली तिच्याकडे त्याच दिवशी लक्ष द्या. इथे प्रेमाने एक चूक होते. आपण म्हणतो, "तुझ्यामुळे नाही गं हरलो." तिला माहीत असतं ती उशिरा उठली ते. मैदानावरच्या सगळ्यांनी पाहिलेलं असतं. खोटं सांगितलं की तिला वाटतं, प्रकरण इतकं वाईट आहे की मॅडमना खोटं बोलावं लागतंय. माझ्यासमोर हा प्रसंग आला तेव्हा मी तिला म्हटलं, "हो, उशीर झाला. परवा पाच वाजता त्याच चौकात बस, मी खो देते." ती आली. तिची जोडीदारीण तिला घरून घेऊन आली होती, मी न सांगता.

सराव दोन दिवसांत पुन्हा सुरू करा. पहिल्या दिवशी लंगडी, विषामृत, काहीही, फक्त खो-खो नाही. दुसऱ्या दिवशी खो-खो. तिसऱ्या दिवशी वही उघडा आणि सामना बोला: आधी काय जमलं, मग काय सुधारायचं. वाक्यं "आपण"ने सुरू करायची. दिवाळीनंतर महिन्याला एक मैत्रीपूर्ण सामना ठरवा, शेजारच्या शाळेशी, मंडळाशी, अगदी मुलांच्या संघाशीही. तारीख फळ्यावर लिहा. पुढचा सामना कधी हे माहीत नसेल तर तेरा वर्षांच्या मुलीने कशासाठी धावायचं?

हे सगळं करूनही एखादीचा छळ थांबत नसेल तर

चिडून बोललेला एखादा शब्द वेगळा आणि ठरवून केलेला छळ वेगळा. जातीवरून, गरिबीवरून, रंगावरून, शरीरावरून बोलणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं, डबा लपवणं, सगळ्यांनी मिळून अबोला धरणं, यावर "दोघी हात मिळवा बरं" हा उपाय नाही. त्याने त्रास झालेल्या मुलीलाच निम्मी दोषी ठरवतो आपण.

आधी जिला त्रास झाला तिचं ऐका, मोकळ्या जागेत आणि जमल्यास दुसऱ्या शिक्षिकेसमोर. बंद खोलीत मुलीला एकटं घेऊन बसू नका. जे सांगितलं ते तारखेनिशी लिहा. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकीशी स्वतंत्र बोला आणि स्पष्ट सांगा की हे आजपासून बंद. मुख्याध्यापकांना आणि दोन्हीकडच्या पालकांना त्याच आठवड्यात कळवा. परत झालं तर ती मुलगी कितीही चांगली खेळाडू असो, पुढच्या सामन्यात बाहेर. इथे तुम्ही पदकाकडे बघून डोळेझाक केलीत तर वर्षभराचं "पुढचं" एका दिवसात वाया जातं, कारण सगळ्या मुली तुमच्याकडेच बघत असतात. गोष्ट मारहाणीची, कुणा मोठ्या माणसाकडून होणाऱ्या त्रासाची किंवा घरातली असेल, तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो मुलींना पाठ असू द्या, मैदानाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा.

वही बंद करताना

एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर, वहीचं शेवटचं पान मुलींनाच लिहू द्या. जूनमध्ये नव्या येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी काय सांगायचं, प्रत्येकीने एक ओळ. गेल्या वर्षीच्या पानावर चौदा ओळी आहेत. त्यातली एक उशिरा उठणाऱ्या त्या मुलीची: "पाठीला हात लागला की उठायचं, मागे बघायचं नाही, मागची आपलीच आहे."